मंडळ आभारी आहे

जूनमध्ये शाळा उघडते, जुलैत मंडळं उघडतात. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, गणित मंडळ, हरित सेना, स्काऊट-गाईड, आरएसपी. फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेलं कमळ, सरस्वतीच्या तसबिरीला हार, पाहुण्यांना गुलाबपुष्प (पूर्वी श्रीफळ असायचं, ते आता परवडत नाही). नववी-ब मधली मुलगी पाठ केलेलं सूत्रसंचालन करते, कुणीतरी अध्यक्षीय सूचना मांडतं, कुणीतरी अनुमोदन देतं आणि मंडळाचं उद्घाटन झाल्याचं जाहीर होतं. यानंतर मंडळ दिसतं ते मार्चमध्ये, वार्षिक अहवालात. मधल्या महिन्यांत ते काय करत होतं, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

सगळ्या मंडळांचे पदाधिकारी मात्र एकच असतात. ज्यांचं अक्षर चांगलं, आवाज खणखणीत आणि गणवेश इस्त्रीचा, अशी दहा-बारा मुलं सोमवारी साहित्यिक असतात, बुधवारी वैज्ञानिक आणि शुक्रवारी पर्यावरणवादी. उरलेली शाळा ‘बहुसंख्येने उपस्थित’ असते. तीच गत चित्रकलेच्या सरांची. फलक त्यांनी लिहायचे, रांगोळी त्यांनी घालायची, स्नेहसंमेलनाचा पडदा त्यांनी रंगवायचा. चित्रकला शिकवायला वेळ उरला तर शिकवायची.

ती शिकवावीच लागते म्हणा, कारण तिथे मार्क आहेत. शासनाच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढीव, ‘बी’ला 5, ‘सी’ला 3. हे कळल्यापासून महाराष्ट्रात चित्रकारांचं अमाप पीक आलंय. ज्या आईने भिंतीवर रेघ ओढली म्हणून पोराला बदडलं होतं, तीच आता त्याला ड्रॉइंगच्या क्लासला सोडायला जाते. या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. पाहिलेलं आठवून काढायचं, एवढीच अपेक्षा. पण आठवण्यावर सात मार्कांचा भरवसा कोण ठेवणार? म्हणून क्लासमध्ये एकच दृश्य घोटवून घेतात. छत्र्या दिल्या की पावसाळा, पताका लावल्या की जत्रा, टोपल्या मांडल्या की भाजी मंडई. माणसं तीच, पाठमोरी. चेहरा काढायला जमत नाही, म्हणून सगळा महाराष्ट्र परीक्षकाकडे पाठ करून उभा.

स्काऊट-गाईडमध्ये ‘खरी कमाई’ हा माझा लाडका उपक्रम. मुलांनी शेजारीपाजारी जाऊन कामं करायची, सायकली पुसायच्या, बूट पॉलिश करायचे, चार पैसे मिळवायचे आणि श्रमाची किंमत ओळखायची, अशी मूळ कल्पना. पोरगं दुसऱ्याचे बूट पुसणार म्हटल्यावर पालकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून पटांगणात स्टॉल लागतात. आई पहाटे चारला उठून ढोकळा करते. बाबा ऑफिसला अर्धी रजा टाकून येतात आणि तोच ढोकळा वीस रुपयांना विकत घेतात. मुलगा स्कार्फ घालून गल्ला सांभाळतो. भांडवल घरचं, माल घरचा, गिऱ्हाईक घरचं. एवढा सुरक्षित व्यवसाय एखाद्या मोठ्या उद्योगपतीलाही मिळायचा नाही.

हरित सेनेचं काम त्याहून सोपं झालंय. 2024च्या 5 जूनला ‘एक पेड माँ के नाम’ सुरू झालं. झाड लावायचं, आईबरोबरचा फोटो पोर्टलवर चढवायचा, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. सर्व्हर धीम्या गतीने चालतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष फोटो चढण्याकडे. एकाच रोपाशेजारी वर्गातल्या आया पाळीपाळीने उभ्या राहिल्या तरी पोर्टल काही म्हणत नाही. रोपही म्हणत नाही. एनसीसीची परेड तेवढी इमानेइतबारे भरते, पण तिथे शेवटी नाश्ता असतो.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यामधली भिंत पाडायची ठरवलं. कल्पना चांगलीच आहे. फक्त भिंत पडायच्या आधीच मार्क तिच्यावरून उडी मारून पलीकडे जाऊन बसले होते. त्यामुळे खेळ, लोककला, शास्त्रीय नृत्य, कशाचंही नाव काढा, पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: “याचे किती?” त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अकरावीच्या प्रवेशयादीत पोराचं नाव शोधताना एकेका मार्काला काय भाव असतो, हे त्यांनी मोठ्या मुलाच्या वेळी पाहिलेलं असतं.

आणि गंमत अशी, की ज्या दहावीसाठी हे सगळं जमवायचं, त्या दहावीत पाऊल ठेवलं की सगळं बंद. पहिल्याच पालकसभेत फर्मान निघतं: यंदा खेळ नाही, नाच नाही, तबला माळ्यावर. सर्टिफिकिटं तेवढी फाईलला लावून द्या.

तरीही प्रत्येक शाळेत एक मंडळ वर्षभर चालतं. मधल्या सुट्टीत जिन्याखाली चार पोरं कंपासपेटी आणि मोडक्या बाकावर ताल धरतात. त्यातला एक बऱ्यापैकी गातो, दुसरा त्याला बरं गात नाही म्हणून सांगतो. अध्यक्ष नाही, हजेरी नाही, अहवाल नाही. एखाद्या उत्साही बाईंच्या कानावर ते पडतं. बाई मुख्याध्यापकांना सांगतात, संगीत मंडळ स्थापन करू या, येत्या शनिवारी उद्घाटन, पाहुणे मी बघते. पोरांना हे कळायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती जिना बदलतात.