दशांशावरची श्रद्धा

घरगुती बिअरच्या तापमान नियंत्रकाचे कॅलिब्रेशन शून्यापासून सुरू होते. बर्फाचा चुरा भांड्यात दाबून भरायचा, फटी बुजतील इतकेच पाणी घालायचे, ढवळायचे आणि सेन्सर भांड्याला न टेकवता मधोमध धरायचा. स्थिरावलेला आकडा ० अंश सेल्सिअस हवा. तो १.३ दिसला, तर सेटिंगमध्ये उणे १.३ ची दुरुस्ती भरायची. काम एवढेच. पण बर्फ पडला फुकटचा, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? खरे तापमान ठरते ते घरातल्या सर्वांत महाग थर्मामीटरवरून.

दुसरी कसोटी उकळत्या पाण्याची. समुद्रसपाटीला ते १०० अंशांवर उकळते, तर सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये ९५ च्या आसपास. तिथला शौकीन हे विसरला, की निर्दोष सेन्सरला पाच अंशांची दुरुस्ती नाहक चिकटते. एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला तर १८ ते २२ अंशच हवे असतात. त्यासाठी बर्फाचा दाखला पुरतो.

स्वस्त नियंत्रकाची अचूकता एक अंश इकडेतिकडे, पडद्यावर मात्र दशांश झळकतो. त्या दशांशाच्या मोहाने ठरवलेल्या तापमानापासूनच्या फरकाची मर्यादा ०.१ वर ठेवली, की नियंत्रकाला जोडलेल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन धापा टाकतो. अर्धा ते एक अंश बरा.

एवढे सोपस्कार झालेला सेन्सर मग बहुधा फ्रिजच्या हवेत लोंबकळत सोडला जातो. आंबताना बिअर स्वतःच उष्णता सोडते आणि हवेपेक्षा काही अंश गरम राहते. म्हणून सेन्सर पिंपाच्या अंगाला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधावा लागतो.