आधी प्रिव्ह्यू, मग भूमिपूजन

नंदुरबार जिल्ह्यात हल्ली भूमिपूजनाची वेळ गुरुजी ठरवत नाहीत, भाऊंचं सोशल मीडिया सांभाळणारा पोऱ्या ठरवतो. ऊन कुठून येतंय, मागे शाळेची गळकी भिंत दिसतेय का, कुदळ कुणाच्या हातात आहे आणि तिला नुसतं बोट लावायला किती जण वाकलेत, हे तो मोबाइल आडवा-उभा धरून आधी बघतो. मग नारळ फुटतो. नारळ फुटताना भाऊंचे डोळे मिटले असतील तर दुसरा फुटतो. रस्ता एक आणि नारळ तीन, असा हिशेब लागतो. खोबरं मात्र हजर असलेल्यांना खरोखर मिळतं, आणि त्या योजनेचा जनतेपर्यंत पोहोचलेला लाभ बहुधा तेवढाच असतो.

खरी बैठक फोटो निघाल्यावर भरते. संपर्क कार्यालयात दहा-बारा मान्यवर एकाच मोबाइलवर वाकतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच : ‘यामा मी कथा शे?’, म्हणजे यात मी कुठे आहे? सगळ्यांना आपापलं उत्तर मिळेपर्यंत पोस्ट ड्राफ्टमध्ये अडकून राहते. मजकूर कुणी वाचत नाही. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘लोकार्पण’चं ‘लोकापर्ण’ होतं आणि तसंच ते गावभर फिरतं. त्याखाली अभिनंदनाचा पाऊस पडतो. रफाराची तक्रार घेऊन कुणी येत नाही, कारण रफारामागे मतं नाहीत.

या बैठकीतला कळीचा शब्द ‘सेफ एरिया’. फेसबुकचं कव्हर संगणकावर 820 बाय 312 पिक्सेल दिसतं आणि मोबाइलवर 640 बाय 360. म्हणजे संगणकावर डोकी आणि पाय जातात, मोबाइलवर डावे-उजवे जातात. मधला पट्टा तेवढा दोन्हीकडे शाबूत राहतो. डिझायनर त्याला सेफ एरिया म्हणतात, आम्ही त्याला पालकमंत्री म्हणतो.

जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोनी फोटो अचानक उभट दाखवायला सुरुवात केली. जुन्या चौकोनांच्या दोन्ही कडा गेल्या. जगभरच्या हौशी लोकांनी आपली मांडणी विस्कटली म्हणून कुरकुर केली. आमच्याकडे नुकसान मोठं होतं : भाऊ राहिले, तालुकाध्यक्षांचा एक गाल राहिला आणि मंडपाचे, खुर्च्यांचे पैसे ज्याने दिले होते तो साफ गेला. त्याने ते पैसे कुणाच्या खात्यात मांडावेत हे अजून ठरलेलं नाही.

ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, एके काळी मोठ्या फोटोतला कोणता भाग दाखवायचा हे यंत्रावर सोपवत असे. 2020 मध्ये लोकांनी दाखवून दिलं की हे यंत्र गोऱ्या चेहऱ्यांना झुकतं माप देतं. कंपनीने तपास केला, 2021 मध्ये तसा कल असल्याचं मान्य केलं आणि फोटो कसा कापायचा हे माणसांनीच ठरवलेलं बरं, असा निष्कर्ष काढला. नंदुरबारला एक फोन केला असता तर त्यांचा तपासाचा खर्च वाचला असता. इथे कुणाला कापायचं हे पहिल्यापासून माणसंच ठरवतात. त्याला राजशिष्टाचार म्हणतात.

या कात्रीची करामत बघायची तर नवापूरच्या रेल्वे स्थानकावर जावं. स्थानक दोन राज्यांत वाटलं गेलंय : तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं कार्यालय गुजरातेत. फलाटावरचं एक बाकडं निम्मं इकडे, निम्मं तिकडे. त्यावर बसून फोटो काढल्याशिवाय पाहुणा परत जात नाही. आडव्या फोटोत नवरा महाराष्ट्रात, बायको गुजरातेत आणि संसार सुखाचा. तोच फोटो उभा कापला की एक राज्य गेलं, सोबत जोडीदारही गेला. 1960 मध्ये या वाटणीसाठी संसदेला मुंबई पुनर्रचना कायदा करावा लागला होता. आता अंगठ्यावर भागतं.

फोटोपेक्षा अवघड प्रकरण लिंकचं. फेसबुकने 2010 मध्ये ओपन ग्राफ नावाची व्यवस्था आणली. लिंक टाकली की खालच्या खिडकीत कोणतं शीर्षक आणि कोणतं चित्र दिसावं, हे वेबसाइटने त्यात सांगून ठेवायचं. चित्र साधारण 1200 बाय 630 पिक्सेलचं असलं की छान बसतं. गंमत पुढे आहे. फेसबुक ते चित्र एकदा उचलून स्वतःकडे, म्हणजे कॅशेमध्ये, साठवून ठेवतं, आणि वेबसाइटवर चित्र बदललं तरी खिडकीत काही काळ जुनंच हसत राहतं. महाराष्ट्रात 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. रातोरात गळ्यातली उपरणी बदलली, फ्लेक्स उतरले, वेबसाइट नव्याने रंगल्या. पण लिंक टाकावी तर खिडकीत जुनेच साहेब, जुनंच चिन्ह. या राज्यात निष्ठा कुठे उरली असेल तर ती कॅशेमध्ये. तीही पुसायची सोय कंपनीने केली आहे. शेअरिंग डीबगर नावाच्या साधनात लिंक टाका, बटण दाबा, नवे साहेब हजर. पक्ष कुणाचा हे ठरवायला निवडणूक आयोगाला आणि विधानसभा अध्यक्षांना महिनोन्‌महिने लागले. त्यांना हे बटण कुणी दाखवलं नसावं.

प्रसिद्धीआधी तपासणी निवडणूक आयोगही करतो, ती वेगळ्या कारणाने. लोकसभा-विधानसभा आली की जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती बसते. टीव्हीवरची, आणि 2013 पासून समाजमाध्यमांवरचीही राजकीय जाहिरात तिच्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते : पक्षाने आणि उमेदवाराने किमान तीन दिवस अगोदर, इतरांनी सात दिवस. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि तिची साक्षांकित संहिता. मात्र स्वतःच्या खात्यावर कुणी नुसता मजकूर किंवा फोटो टाकला तर तो जाहिरातीत धरला जात नाही. नियमपुस्तिकेतलं एवढं एक वाक्य आमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. म्हणून निवडणुकीच्या महिन्यात जिल्ह्यातल्या जाहिराती आटतात आणि वैयक्तिक भावनांना पूर येतो.

आता या सगळ्या चौकटींच्या कडेला कोण उभं असतं तेही बघू. राज्याच्या नकाशात नंदुरबार वरच्या डाव्या कोपऱ्यात, कात्री जिथून आधी फिरते तिथे. महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांच्या यादीत नंदुरबारचा क्रमांक 1, विधानसभेच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक 1. मतदारसंघ मोजायला सुरुवात इथून होते, निधी मोजायला दुसऱ्या टोकाकडून. 2018 पासून आम्ही ‘आकांक्षित जिल्हा’ आहोत, म्हणजे आकांक्षेची अधिकृत नोंद झालेली आहे. आणि या जिल्ह्याच्याही कडेला धडगाव-अक्कलकुव्याचे सातपुड्यातले पाडे, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. तिथे फोटो वरून खाली हळूहळू उतरतो. आधी आभाळ येतं, मग झेंडा, मग साहेबांचा फेटा, आणि गोल फिरायला लागतं. रस्ता फोटोच्या खालच्या भागात असतो, तो येतच नाही. सगळ्या जिल्ह्यात प्रिव्ह्यू वास्तवाशी तंतोतंत जुळतो तो इथेच.

एकदा मात्र या जिल्ह्याने कामाचा प्रिव्ह्यू बघितला होता. कोरोनाची पहिली लाट चालू असताना, 2020 मध्येच, इथल्या प्रशासनाने पुढची लाट आली तर काय चित्र असेल ते डोळ्यांपुढे आणलं आणि ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले. 2021 मध्ये मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती, तेव्हा या मागास जिल्ह्याचं नाव देशभर कौतुकाने घेतलं गेलं. ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही, त्याला फीत बांधता येत नाही, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो नीट येत नाही. ते काम वेळेत झालं त्यामागे हेही एक कारण असावं.

पण सगळीच कामं अदृश्य करता येणार नाहीत, म्हणून एक उपाय सुचवतो. तो जिल्ह्याच्या मातीतलाच आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत, देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्या सोहळ्याचे फोटो झकास आले, आणि तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी पत्रकार टेंभलीला जाऊन ‘पुढे काय झालं?’ असं विचारतो. सोहळ्याचं राहू द्या. आधारवरचा फोटो आठवा : नजर समोर, मागे पांढरा पडदा, शेजारी कुणी नाही, फिल्टर नाही, दुसरा नारळ नाही. तो कुणालाच आवडत नाही, आणि रेशनपासून पेन्शनपर्यंत चालतो तोच.

तर मागणी अशी. यापुढे जिल्ह्यातल्या प्रत्येक विकासकामाचा फोटो आधार केंद्राच्या ऑपरेटरने काढावा. पुलाने हसू नये. अंगणवाडीने टोपी-गॉगल काढून ठेवावा. चौकटीत फक्त काम असावं, मान्यवरांनी पडद्याबाहेर रांगेत बसावं आणि टोकन नंबर पुकारला तरी उठू नये. आधारमध्ये मुलांचं बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा घेणं सक्तीचं आहे, आणि पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची देखभालही पाच वर्षं ठेकेदाराकडेच असते. हा योग साधून पाच वर्षांनी रस्त्यालाही केंद्रावर बोलवावं, डांबराचे ठसे घ्यावेत आणि पहिल्या दिवसाच्या फोटोशी ताडून बघावेत. ठसे जुळले नाहीत तर गरिबाच्या बाबतीत जे होतं तेच करावं : रेशन बंद. ठेकेदाराचं.