सरासरी एक

‘आर’ ही संगणकभाषा संख्याशास्त्रज्ञांनी संख्याशास्त्रज्ञांसाठी केली, हे तिच्याशी पाच मिनिटं बोललं की कळतं. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती घडवली. १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. वाढदिवस चार वर्षांनी एकदा! स्वभावाचा अंदाज तिथेच यायला हवा होता.

१, २, ३ यांची बेरीज विचारा, ६ म्हणते. मोठ्यात मोठा आकडा? ३. आता त्याच कंसात सरासरी विचारा. बाई शांतपणे सांगतात, १. चूक म्हणावी, तर मदतपानावर सगळं रीतसर लिहिलेलं असतं: पहिला आकडा म्हणजे डेटा, दुसरा म्हणजे दोन्ही टोकांकडून किती छाटायचं ते प्रमाण. आकडे आधी ‘सी’ नावाच्या फंक्शनच्या कंसात बांधून आणायचे असतात. फलक होता हो, फक्त दाराच्या मागे.

बरं, अट घालणाऱ्या ‘इफ’ या शब्दाची माहिती हवी म्हणून प्रश्नचिन्हापुढे इफ लिहिलं, तर उत्तरादाखल नुसतं अधिकचं चिन्ह येतं. म्हणजे, ‘हं, पुढे बोला.’ तो शब्द अवतरणचिन्हांत घालावा लागतो. कुठे लिहिलंय? मदत कशी मागावी, याच्या मदतपानावर.