नात नेपाळात, आजी पिंप्राळ्यात

"ऐकलं का वं? आमची नात नेपाळात पोचली. अमेरिकेहून निघाली, इतला प्रवास केला, अन् आजीले भेटाले काही आली नई!"

काकूंनी तुरीच्या शेंगांची परात मधल्या भिंतीवर ठेवली, तेव्हाच कळलं की शेंगा सोलून होईपर्यंत माझी सुटका नाही. मीही मूठभर शेंगा उचलल्या. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतली ही भिंत कमरेएवढीच आहे. घरं वेगळी करायला बांधली, पण तिचा खरा उपयोग परात ठेवायला आणि बातम्या पोचवायला.

"तिथं उतरली कोणाकडे?" मी विचारलं.

"तेच तर! एका परक्या घरी. ना नातं, ना गोतं. त्या घरच्या बाईले 'आमा' म्हणू राह्यली. फोटो पाठवला, कपाळावर हा एवढा तांदळाचा टिळा! मी म्हटलं, पोरीचं लग्नबिग्न लावलं का काय तिथं?"

लग्न नव्हे, पीस कोअर. काकूंचा थोरला न्यू जर्सीला स्थायिक झाला, ही त्याची मुलगी. पीस कोअर ही अमेरिकन स्वयंसेवकांची संस्था राष्ट्राध्यक्ष केनेडींनी 1 मार्च 1961 रोजी काढली. सत्तावीस महिन्यांचा करार असतो. पहिले तीनेक महिने त्या देशातच प्रशिक्षण, पुढची दोन वर्षं एखाद्या गावात शाळेचं, शेतीचं नाहीतर आरोग्याचं काम. प्रशिक्षणात मुक्काम कुठल्या तरी स्थानिक कुटुंबात. सकाळी चार-पाच जणांच्या गटात भाषेचा वर्ग, संध्याकाळी घरी.

"पगार?"

"पगार नाही काकू. त्या गावात भागेल एवढा भत्ता."

"मग पोरानं तिले इतलं शिकवलं काहून?" काकूंनी एक शेंग जरा जोरातच मोडली. "अन् सेवाच कराची होती तर आपल्या जळगाव जिल्ह्यात कामं काय कमी हायेत? आजीचं घर होतं, राहती इथं."

ते जमलंच नसतं. पीस कोअरचं काम भारतात 1961 साली सुरू झालं, पंजाबात पहिली तुकडी आली, आणि 1976 साली ते इथून बंद झालं. नेपाळात त्यांचे स्वयंसेवक 1962 साली आले. माओवाद्यांच्या संघर्षाच्या काळात 2004 साली त्यांनी गाशा गुंडाळला आणि 2012 मध्ये परत आले. म्हणजे काकूंच्या नातीने ठरवलं असतं तरी पिंप्राळा तिच्या यादीत नव्हतं.

एवढ्यात समोरच्या वहिनी कढीपत्ता मागायला आल्या आणि अर्थातच थांबल्या.

"पण परकं घर म्हणजे भीती नाही का वाटत?" त्यांनी विचारलं.

पीस कोअरवाले घर आधी बघून जातात, मी सांगितलं. घरच्यांना समजावून सांगतात, जेवणाखाणाच्या खर्चापोटी पैसे देतात. मुलीला स्वतंत्र खोली लागते आणि खोलीच्या दाराला कुलूप लागतं.

"पैसे घेऊन जेवाले घालतात?" काकूंच्या भुवया वर. "मग ती खानावळच झाली का नई?"

"खानावळवाला तुमच्या चुका काढतो का?" वहिनींनी विचारलं.

यावर काकू हसल्या, कारण चुकांची यादी त्यांच्याकडे फोनवरून रोज येत होती. परवा नातीने वरणाचं मीठ बघायला पळी तोंडाला लावली आणि तीच पळी पुन्हा पातेल्यात घातली. आमाने कपाळाला हात लावला. सगळं पातेलं 'जुठो' झालं, म्हणजे आपल्या भाषेत उष्टं. घरातली सहा माणसं त्या दिवशी लोणच्याशी भात जेवली.

"मग आमा रागावली?"

"रागावली तर! अन् दुसऱ्या दिवशी पोरीले शेजारी बसवून शिकवलं. पळीतून हातावर घ्यायचं, मग चाखायचं. आता तिले बरोबर येतं." काकू क्षणभर शेंगा सोलत राहिल्या. "खरं सांगू का तुले? इथं असती अन् तिनं पळी उष्टी केली असती, तर मी काय म्हटलं असतं? चाखू दे वं, लेकरू हाये. घरातल्या सगळ्यांले तेच वरण वाढलं असतं."

मला जे सांगायचं होतं ते काकूंनीच सांगून टाकलं. आजीच्या घरी लाड होतात. शिकायचं तर असं घर हवं, जिथे तुमच्या चुकीने इतरांचं जेवण बिघडतं आणि ते तुम्हाला ऐकवतात. दोन वर्षं दुसऱ्यांना काही द्यायला निघालेल्या पोरीला आधी दुसऱ्यांवर अवलंबून राहायला शिकवायचं, ही त्यातली मेख. पाणी कुठलं प्यायचं, चप्पल कुठे काढायची, ढिंडो कसा खायचा, हे आठ वर्षांच्या पोराला विचारावं लागतं, म्हणजे पदवीचा तोरा आपोआप उतरतो.

"ढिंडो काय वं?"

"कोदोच्या, म्हणजे नाचणीच्या, नाहीतर मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा."

"म्हणजे भाकरी नईच? अन् दोन्ही वेळा डाळ-भात?" काकूंना नातीची पहिल्यांदाच खरी दया आली. हिवाळ्याचे दिवस, बाजारात भरताची हिरवी वांगी आलेली, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, कळण्याची भाकरी करायची, आणि पोरगी तिकडे डाळ-भात खाते!

वहिनींना वेगळीच शंका. "अशी कामं मोठ्या घरच्या बायका करतात का हो? की पोरासोरांचा हट्ट?"

मी त्यांना लिलियन कार्टरबाईंची गोष्ट सांगितली. जॉर्जियातल्या प्लेन्स गावच्या, भुईमुगाची शेती असलेलं घर, पेशाने परिचारिका. 1966 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअरमध्ये दाखल झाल्या. शिकागो विद्यापीठात प्रशिक्षण झालं, तिथे मराठीचे धडे गिरवले, आणि थेट मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात कामाला लागल्या. 1968 साली परतल्या. मुलगा जिमी कार्टर 1977 साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी, राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेच्या वतीने ह्याच बाई भारतात आल्या.

"अडुसष्ट!" काकूंनी स्वतःच्या वयाचा हिशेब केला असावा. "अन् मराठी शाळेत शिकल्या?"

"वर्गात. त्या काळी बरंचसं प्रशिक्षण अमेरिकेतल्या विद्यापीठांतच व्हायचं. पुढे ते त्या त्या देशात नेलं, घरांमध्ये नेलं."

पुण्यातही अमेरिकन कॉलेजांची मुलं मराठी कुटुंबांत राहून मराठी शिकत. आणि मॅक्सीन बर्नसन! 1961 साली पहिल्यांदा भारतात आल्या, पुढे फलटणच्या बोलीवर पीएच.डी. केली, जाई निंबकरांबरोबर मराठीचं व्याकरण लिहिलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली.

"म्हणजे आली ती राहूनच गेली?" काकूंचा हात थांबला. "माय वं! आमची पोरगी तिकडंच राहिली तर?"

"मग तुम्ही नेपाळला जा," वहिनी म्हणाल्या. त्यांना एकूणच गंमत वाटत होती, पण मनात एक सल होता. त्यांचा मुलगा एन.एस.एस.मध्ये आहे. ही राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. सात दिवसांचं निवासी शिबिर गावात होतं. "पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत झोपली, स्वयंपाकाला आचारी नेला होता. गटारी साफ केल्या, फोटो काढले, आले. मी विचारलं, कोणाच्या घरी चहा तरी प्यालास का? म्हणे, तसा कार्यक्रम नव्हता."

"आमच्या मामंजींच्या काळी पोरं वार लावून जेवत," काकू म्हणाल्या. "सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यातच शिकून मोठी झाली."

"कोणाची पोरं आणि कोणाच्या घरी, ते बघून काकू."

"ते तर होतंच." काकूंनी आवाज खाली आणला. "तेच विचारत होती काल. आमाच्या घरी कामाले एक बाई येते, ती अंगणातच चहा पिते, आत येत नई. पोरगी म्हणे, आजी, ती आत काहून येत नई?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगू? विठोबाचं दार उघडाले साने गुरुजींले 1947 साली उपास करावा लागला. आमाचं दार मी फोनवरून कसं उघडू? म्हटलं, तूच ईचार आमाले. अन् ईचारण्याआधी अंगणात जाऊन त्या बाईजवळ बसून चहा पी."

वहिनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. कुठल्याही प्रशिक्षकाने याहून बरं काय सांगितलं असतं?

काकूंचं मन मात्र कुलुपाशी अडकलं होतं. घरात ठेवलेल्या पोरीच्या दाराला कुलूप, हे त्यांना पचेना. "भरवसा नई तर ठेवलं काहून?" म्हणाल्या. मग शेंगांची सालं गोळा करता करता स्वतःच बोलल्या, "सोळाव्या वर्षी मी ह्या घरात आली. परकंच होतं की. तीन महिन्यांचं शिक्षण नई, तक्रार ऐकाले कोणी नई, परतीचं तिकीट तर नईच. उन्हाळ्यात दार लावून घटकाभर झोपाची सोय नव्हती. कुलूप असतं तर..." आणि पुढे, "असू दे तिले कुलूप. चांगलं मोठं असू दे."

तुरीचे दाणे निम्मे माझ्या वाटीत पडले. वहिनींना कढीपत्त्याची आठवण झाली. जाता जाता त्या म्हणाल्या, की जैन हिल्सवर गांधीतीर्थ बघायला परदेशी लोक येतात. कोणी महिनाभर मराठी शिकायला राहणार असेल तर काकूंकडे वरची खोली रिकामीच आहे.

काकूंनी नाही म्हटलं नाही. परात कमरेवर घेतली आणि अटी सांगितल्या. "पोरगी असली पाहिजे. भाकरी थापायला महिनाभर लावणार नई, हात भाजून घेईल. आषाढीच्या रथाले सोबत यावं लागंल, विठोबा काही परका नई. पण सांगून ठेव हां, ताट घासायचं पहिल्या दिवसापासून. अन् भरीत तिखट झालं म्हणून साखर मागितली, तर बोलणार मी!"