खोळीतली बंदूक

माझ्या नावावर आजवर एकच शिकार होती : बहिरमच्या यात्रेतल्या फुगेवाल्याचा आरसा. फुगे डावीकडे, आरसा उजवीकडे, आणि माझा नेम मधल्या फुग्यावर. लोक बहिरमला हंडीचं मटण खायला जातात. मी त्या वर्षी आरशाचे पैसे भरून उपाशी परतलो. असा माणूस बंदूक निवडायला सोबत का हवा, हे मी मामांना विचारलं.

"तू शिकेल हायेस. कागदं वाचशीन."

मग त्यांनी मलम लावलं. "तुही मामी म्हने, दिवाळीची साडी लय कामी आली." नांदगाव पेठेच्या घाऊक कापड बाजारातून ती साडी मी घासाघीस करून आणली होती. मी फुगलो आणि निघालो.

मामांचं शेत दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. हरभरा घाट्यावर आला की रात्री रोही, पहाटे रानडुकरं आणि दिवसा माकडं, अशा तीन पाळ्या चालतात. आजोबांची ठासणीची बंदूक घरात आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा होते, आणि आमच्याकडे निवडणुका पावसापेक्षा नेमानं येतात. शिवाय ठासणीच्या बंदुकीचा एक बार भरेपर्यंत डुक्कर जेवून आडवं होतं. म्हणून मामांना हवी होती एकनळी, बारा बोरची. दुनळी का नको, विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्या बाराले थांबते कोन?"

जुन्या बंदुकीची कॅनव्हासची खोळ मात्र त्यांनी बरोबर घेतली होती. नवी बंदूक त्या खोळीत बसली पाहिजे, हीच त्यांची पहिली अट. ब्लाउजपीस घेऊन साडी शोधायला निघावं, तसा प्रकार. ती खोळ त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. रिकामी खोळ इतकी ताठ कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

अमरावतीहून अकोल्याची एसटी. बडनेरा सुटल्यावर कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाये?"

"बंदुकीची खोळ," मामा म्हणाले. पण 'खोळ' हॉर्नमध्ये गेली आणि गाडीत फक्त 'बंदूक' उरली. माझ्या खांद्यावर झोपलेला इसम जागा होऊन मागच्या दारापर्यंत गेला. एसटीत तिघांचं बाक मला एकट्याला मिळण्याचा हा आयुष्यातला पहिला प्रसंग. पाच मिनिटांनी भीती मुरली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. एकाला दोन रोही पाडून हवे होते, दुसऱ्याला संत्र्याच्या बागेतली माकडं. मागून एक आजी म्हणाल्या, "बापा, माह्या जावयाले नुसती दाखवून ये."

पुढच्या थांब्यावर दोन पोलीस चढले आणि आम्ही उतरलो.

चौकीत हवालदारसाहेबांनी खोळीची गाठ सोडली. आतून निघाला दोन-अडीच हात पीव्हीसीचा पाइप, मागं गॅसचा लायटर बसवलेला. मी सुटकेचा श्वास टाकला. मामांचा चेहरा पडला.

"माकडाईसाठी," ते हळूच म्हणाले.

कार्बाइडची बंदूक! आत काय घालतात ते मी लिहीत नाही. २०२५च्या दिवाळीत भोपाळकडे याच खेळण्यानं कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. मला खरंच राग आला. पण हवालदारसाहेब पाइप न्याहाळत होते. त्यांची स्वतःची दोन एकर तूर निघाली.

"वाजते कशी?"

"रिकामी हाये," म्हणत मामांनी लायटर दाबला.

ती रिकामी नव्हती. आवाजासरशी छपरावरची कबुतरं उडाली, हवालदारसाहेब टेबलाखाली गेले आणि मी जागच्या जागी बसलो. जागच्या जागी पाण्याचा रांजण होता. तो माझ्यापेक्षा वयानं मोठा असेल, वजनानं नव्हता.

पुढचे दोन तास पाइप जप्त होण्यात, समज मिळण्यात आणि कुंभाराकडून नवा रांजण डोक्यावर आणण्यात गेले. माझी पॅन्ट वाळेपर्यंत मी महामार्गाकडे पाठ करून उन्हात उभा होतो. याच अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत घातला आणि गिनीज बुकात गेला. त्या वेगानं माझी पॅन्ट वाळली नाही.

अकोला आलं. असदगड रिक्षातून पाहिला, राजेश्वराला रिक्षातूनच हात जोडले.

दुकानदार शांत माणूस होता. "काय मारायचं हाये?"

"रोही, डुक्कर. हरीण आलं तं हरीण. कोल्हाही."

"हरणाचं नाव इथं काढू नका," तो म्हणाला. १९७२च्या कायद्यानं शिकार बंद आहे. काळवीट तर पहिल्याच अनुसूचीत. कोल्ह्यालाही हात लावायचा नाही. रोही-डुकरांसाठीसुद्धा आधी वनखात्याची परवानगी. मामांनी रायफल मागितली, तर त्यानं नुसती मान हलवली. आत आटे असलेल्या नळीची गोळी तुमचं शेत ओलांडून कोणाच्या घरात जाईल याचा नेम नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात शेत राखायला ठासणीचीच बंदूक सांगितली आहे. ती पुरत नाही हे परवाना देणाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची. बारा बोर म्हणजे काय, तेही मला तिथंच कळलं. नळीत नेमके बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात. आरसा फोडण्याआधी एवढं माहीत असतं तर!

त्यानं एक एकनळी मामांच्या हातात दिली. मामांनी ती आधी खोळीत घालून पाहिली. बसली. मग खांद्याला लावली. नळीचं टोक थरथरत होतं. त्यांनी ती सावकाश काउंटरवर ठेवली.

"कागद झाले की येतो," म्हणाले.

परतीच्या गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे म्हणाले, "मांगच्या साली रोहीन पुढ्यात होती. पिल्लू होतं संगं. ठासून तयार होतो मी."

"मग?"

"हाड म्हनलं. गेली. शंभर हात पुढं जाऊन पुन्हा खाऊ लागली." थोड्या वेळानं म्हणाले, "मारायचं नाही रे मले. झोपायचं हाये." आणि माझ्या खांद्यावर मान टाकून मूर्तिजापूर ते दर्यापूर झोपले. खांदा मुंग्या येऊन बधिर झाला. मी हलवला नाही.

शेतावर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. रोही बिचकावा म्हणून हरभऱ्याच्या चारी बाजूंनी काठ्यांना साड्या बांधल्या होत्या. आहेरात आलेल्या, कोणी न नेसलेल्या, वाऱ्यावर फुगणाऱ्या. मामी बांधावर चहा घेऊन आल्या.

"तुही कोनती ते वयख," त्या म्हणाल्या.

ओळखायला वेळ लागला नाही. धुऱ्यावर, रोही जिथून शिरतात त्या तोंडावर, जांभळी, जरीची.

"तिले पाहून एकही येत नाही," मामी म्हणाल्या. "असी अजून एक आन."