क्रांतीचे खरे मानकरी

जगभरच्या क्रांतिकारकांनी वर्गणी काढून श्रीलंकेचे माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांचा जाहीर सत्कार करायला हवा. शाल, श्रीफळ आणि रासायनिक खताचं एक पोतं.

श्रीलंकेत जनता विमुक्ती पेरामुना (जेव्हीपी) नावाचा अस्सल, मार्क्सवादी क्रांतिकारकांचा पक्ष आहे. त्यांनी १९७१ मध्ये पोलीस ठाण्यांवर हल्ले चढवले. उठाव काही आठवड्यांत चिरडला गेला. १९८७ ते ८९ पुन्हा तेच. हजारो माणसं मेली, संस्थापक रोहना विजेवीरा मारले गेले, सरकार जागच्या जागी. सैन्य सरकारच्या बाजूने होतं आणि बहुतेक जनता दार लावून घरात.

ही दारं उघडायचं काम राजपक्षे यांनी अडीच वर्षांत केलं. २०१९ मध्ये निवडून आल्या आल्या मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ वर आणला. लोक खूश, तिजोरीत खडखडाट. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि सबंध देश एका फटक्यात सेंद्रिय करून टाकला. भात बुडाला, चहा बुडाला. सल्ला द्यायला घरचीच माणसं: एक भाऊ पंतप्रधान, एक अर्थमंत्री, एक पाटबंधारे मंत्री, पुतण्या क्रीडामंत्री. (पुतण्यांबद्दल मराठी वाचकाला वेगळं काय सांगायचं!)

मग गॅससाठी रांगा, पेट्रोलसाठी रांगा, आणि शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण छापायला कागद नाही. रांगेचं एक आहे. तिथे माणसाला वेळ असतो, शेजारी असतो आणि दोघांचा राग एकच असतो. एवढी सभा भरवायला कुठल्याही पक्षाला ट्रक लावावे लागले असते.

९ जुलै २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. सैनिकांनी थोडाफार विरोध केला आणि वाट दिली. क्रांतीचा निकाल लागतो तो याच घटकेला. बाकी सगळी भाषणं. आत गेल्यावर जनतेने काय केलं? तलावात पोहली, पलंगावर लोळली, सेल्फी काढले. पावणेदोन कोटी श्रीलंकन रुपयांहून जास्त रोकड सापडली, ती मोजून पोलिसांच्या हवाली केली! राष्ट्राध्यक्ष हवाई दलाच्या विमानाने मालदीवला, तिथून सिंगापूरला गेले आणि राजीनामा ईमेलने पाठवला.

कुणाला उठवायचं ते लोकांना पक्कं ठाऊक होतं. बसवायचं कुणाला, यावर मात्र कुणी बोललंच नव्हतं. मग २० जुलैला संसदेने १३४ मतांनी रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. मतं मुख्यतः राजपक्षे यांच्याच पक्षाची; विक्रमसिंघे यांच्या स्वतःच्या पक्षाचा खासदार एकच, ते स्वतः. २२ जुलैच्या पहाटे सैन्याने कोलंबोतल्या गाले फेसवरचे आंदोलकांचे तंबू उखडले. तेच सैन्य, वाट देणारं.

तंबू गेले, राग राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये लोकांनी मतपेटीतून जेव्हीपीचे अनुरा कुमार दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष केलं. २०१९ मध्ये त्यांना तीन टक्के मतं होती, आता पहिल्या पसंतीची ४२. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीबरोबरचा विक्रमसिंघे यांचा कर्जाचा कार्यक्रम मात्र मार्क्सवादी सरकारनेही पुढे चालू ठेवला.