किल्लीवाल्या ताई

अमेरिकेतल्या मराठी शाळेच्या ताई ओळखायच्या असतील तर त्यांचं मराठी ऐकत बसू नये, त्यांच्या गाडीची डिकी उघडून बघावी. तिथे गेल्या गणपतीचं मखर असतं, दोन एक्स्टेन्शन कॉर्ड असतात, बाराखडीच्या झेरॉक्सचा गठ्ठा असतो, बालवर्गातल्या कुणाचा तरी डाव्या पायाचा बूट असतो आणि वाळलेल्या मार्करांनी भरलेला बिस्किटांचा डबा असतो. मार्कर उठत नाहीत हे ताईंना ठाऊक आहे, पण टाकून देववत नाहीत. या सगळ्यातून किराण्याला जागा उरत नाही, म्हणून तांदळाची वीस पौंडांची गोण यजमानांच्या मांडीवर बसून घरी येते.

अशा ताई न्यू जर्सीत असतात, डॅलसजवळ असतात, बे एरियात असतात आणि बॉस्टनच्या बर्फातही असतात. क्वचित ताईंच्या जागी एखादे सर असतात, पण त्यांच्याही घरी हजेरीपट कुठे आहे हे बायकोलाच माहीत असतं. तेव्हा आपण बॉस्टनच्या एका ताईंचंच बघू.

ताई मूळच्या सांगलीकडच्या. एम.कॉम. झालेल्या, सहकारी बँकेत लागलेल्या. लग्न होऊन एच-फोर व्हिसावर अमेरिकेत आल्या. या व्हिसावर पगाराची नोकरी करायला मनाई होती, फुकट राबायला नव्हती. मार्चअखेरीला अख्ख्या शाखेचे हिशेब जुळवणारी बाई घरात बसून कुपनं कापायला लागली, तेव्हा तिने चार ओळखीच्यांची मुलं गोळा केली आणि स्वतःच्याच बेसमेंटमध्ये अ आ ई सुरू केलं. पुढे 2015 साली सरकारने ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांच्या बायकांपैकी काहींना काम करायची मुभा दिली आणि शाळेतल्या निम्म्या शिक्षिका बघता बघता नोकरीला लागल्या. ताईही लागल्या. पण शाळा काही सुटली नाही. पगाराची नोकरी सोडता येते, बिनपगारी नोकरीत राजीनामा द्यायचा कुणाला?

चाराची चौदा मुलं झाली. दर रविवारी शेजाऱ्यांच्या दारासमोर मिनीव्हॅनची रांग लागायला लागली आणि शेजाऱ्यांनी अत्यंत गोड शब्दांत नगरपालिकेला कळवलं. ताई जागा शोधायला निघाल्या. लायब्ररीत आवाज चालत नव्हता, आणि मराठी शाळेत आवाजाशिवाय दुसरं काही नसतं. शेवटी एका चर्चच्या तळघरात रविवारी दुपारी दोन ते चार ही वेळ मोकळी सापडली.

चर्चच्या समितीत तीन आज्या आणि एक खजिनदार. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. तुम्ही नेमकं काय शिकवता? भाषा. ही भाषा किती लोक बोलतात? आठ कोटींच्या वर. यावर एका आजीने चष्मा काढून पुसला. इतके लोक बोलतात तर ती वाचवायची काय गरज, असं तिच्या तोंडावर आलेलं दिसत होतं, पण तिने विचारलं नाही. मग विम्याचा विषय निघाला. चर्चला दहा लाख डॉलरचं संरक्षण हवं होतं. बालवर्गातली अकरा मुलं दहा लाख डॉलरचं नुकसान करतील तरी कशी, असा प्रश्न यजमानांना पडला. बालवर्गावर एकदा शिकवलेल्या माणसाला तो पडत नाही. ताईंनी पिशवीतून फाइल काढली. विमा, संस्थेची नोंदणी, आयकर माफीचं पत्र, शिक्षकांची पोलीस तपासणी, सगळं तीन प्रतींत आणि अनुक्रमणिकेसकट. खजिनदारांनी फाइल वर्षाअखेरपर्यंत स्वतःकडे ठेवून घेतली. चर्चचे कागद असे लावावेत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

पोलीस तपासणीबद्दल एक सांगायला हवं. काही ठिकाणी शिक्षकांचे ठसेही घेतात. आपल्या गावाकडे ज्याला लिहिता येत नाही त्याने अंगठा द्यायचा, इथे लिहायला शिकवणारीला दहाही बोटं द्यावी लागतात.

हा सगळा संशय मला मुळीच चुकीचा वाटत नाही. याच न्यू इंग्लंडातून सिंथिया फॅरार नावाच्या बाई 1827 साली मुंबईत उतरल्या आणि पुढे 1839 पासून अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. 1862 मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुले त्यांची शाळा बघून आले होते. त्या बाईंना त्या काळच्या नगरकरांनी काय काय विचारलं असेल! मुलींना शिकवून काय करणार, बाटवणार तर नाही, आणि तुमचे यजमान कुठे आहेत? यजमान नव्हतेच, हे तर आणखी संशयास्पद. त्या मानाने बॉस्टनच्या तीन आज्यांनी नुसता विमा मागितला. नगरच्या लोकांनी फॅरारबाईंना कधी आपलं मानलं हे ताईंना माहीत नाही, पण त्या खुर्च्या जागेवर ठेवत असणार याची त्यांना खात्री आहे.

कारण परक्या जागेत विश्वास कमावण्याची ताईंची सगळी विद्या खुर्च्यांत आहे. आल्या आल्या त्या फोनवर खोलीचे चारी बाजूंनी फोटो काढतात. मग शाळा भरते, सुटते, आणि चार वाजता ते फोटो समोर धरून खोली पूर्ववत केली जाते. निळी खुर्ची खिडकीपाशी, तिची पाठ भिंतीकडे. खेळण्यातला जिराफ शेल्फावर, तोंड डावीकडे. ‘फळा पुसू नये’ असं लिहिलेला कोपरा कुणी पुसला नाही ना, तेही बघायचं, कारण एकदा दुसरीतल्या एका हुशार मुलाने त्या सूचनेखाली तीच सूचना मराठीत लिहून ठेवली होती. ‘पुसू’मधला पहिला उकार दीर्घ काढला होता. ताईंनी पुसण्याआधी तो दुरुस्त केला.

सोमवारी त्या खोलीत चर्चच्या पाळणाघराची बाई येते. तिची आणि ताईंची वर्षभर भेट झाली नाही, संसार सगळा पिवळ्या चिठ्ठ्यांवर. ‘एक जांभळा क्रेयॉन कमी आहे.’ पुढच्या रविवारी ताईंनी जांभळ्या क्रेयॉनांची आख्खी पेटी ठेवली. ‘शेल्फाला विचित्र वास येतो आहे, पण चांगला.’ तो थालीपीठाच्या भाजणीचा होता. ‘तुमच्या मुलांनी बेडूक काढला आहे, तो राहू द्या.’

खाण्याचं प्रकरण मात्र जड गेलं. इमारतीत शेंगदाणा आणायचा नाही, हा नियम ताईंनी सभेत वाचून दाखवला तेव्हा पालकांत शांतता पसरली. चिवड्यात दाणे, खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आणि उपास असला तर नुसतेच दाणे. दाणा काढला तर महाराष्ट्रात शिल्लक काय राहतं, असं एका नाशिककर काकांनी विचारलं. ताईंनी ‘गोडा मसाला’ असं उत्तर देऊन सभा संपवली. दिवाळीला उघडी ज्योत लावायची नाही हा अग्निशमन खात्याचा नियमही निमूट पाळला गेला. आता बॅटरीवरच्या पणत्या लागतात, आणि त्यांतल्या दोन-तीन दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या ऐन वेळी लुकलुकून मिटतात, तेव्हा सेल बदलायला स्क्रूड्रायव्हर घेऊन यजमान हजर असतात.

यजमानांबद्दल दोन शब्द. शाळेच्या पत्रकावर त्यांचं नाव कधी नसतं. ते झेरॉक्स काढतात, प्रोजेक्टर जोडतात, टेबलं उचलतात आणि उरलेल्या वेळात पार्किंगमध्ये गाडीत झोपतात. तिथे इतर वडीलही आपापल्या गाड्यांत झोपलेले असतात. रविवार दुपारची वामकुक्षी ही मराठी संस्कृती तळघरात नव्हे, पार्किंगमध्ये जपली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तळघरात काय शिकवलं जातं, तेही सांगू. अभ्यासक्रम बृहन्महाराष्ट्र मंडळाचा, परीक्षा पुण्याच्या भारती विद्यापीठाची, आणि शंका अमेरिकन. खुर्ची ती का? टेबल ते का? फळा तो का? कुणी ठरवलं? ताई म्हणतात, ‘कानाला जसं बरं वाटतं तसं.’ मुलं म्हणतात, कानाला सगळंच बरं वाटतं. गणिताच्या स्पर्धांत ढाली मिळवणारी पोरं एकोणऐंशीपाशी येऊन थांबतात. ऐंशीच्या आतली संख्या ऐंशीचं नाव लावून का हिंडते? बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. ताईंच्या वर्गातल्या पोरांना ती वाचून दाखवली असती तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पोळ्याच्या धड्यातला बैल कुणी पाहिलेला नाही. ‘माझी भूक लागला’ म्हणणाऱ्या मुलाला ताई आधी खाऊ देतात, लिंग नंतर.

दर उन्हाळ्यात शाळेला एक खरे गुरुजी लाभतात. कुणाचे तरी वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले असतात. निवृत्त मुख्याध्यापक. नातू कामात, सून कामात, मुलगा लॅपटॉपमध्ये. आजोबा हाताला काम शोधत असतात. ताई त्यांना पहिल्याच रविवारी हेरतात. आजोबा पाढे म्हणवून घेतात, हाताची घडी घालायला लावतात, ‘ळ’ घोटून घेतात आणि मुलांना ते चक्क आवडतात, कारण एवढ्या मोठ्याने ओरडणारं माणूस त्यांनी आजवर यूट्यूबवरच पाहिलेलं असतं. ऑक्टोबरात ते परत जातात. मागे सात मुलांना नीट ‘ळ’ आणि ताईंना शुद्धलेखनाच्या चुकांची यादी ठेवून जातात. यादी ताईंच्या पत्रकांतल्या चुकांची असते.

बारा-तेरा वर्षांची झाली की मुलं शाळा सोडतात. फुटबॉल असतो, व्हायोलिन असतं, आणि मराठीची लाज असते. मग सोळाव्या वर्षी त्यांतली काही आपण होऊन परत येतात. कॅलिफोर्नियाने 2011 च्या कायद्याने दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर खास मोहोर उमटवायची सोय केली आणि हळूहळू बहुतेक राज्यांनी ती उचलली. कॉलेजच्या अर्जावर ती शोभते. ‘ताई, मला मराठी येतं असं कोण लिहून देईल?’ ताईंना हेतू कळतो. त्या हजेरीपटात नाव मात्र पहिल्या दिवसापासून होतं तिथेच, त्याच ओळीत लिहितात. मातृभाषेच्या प्रेमापोटी आलेला आणि अर्जापोटी आलेला, खुर्च्या दोघांनाही उचलाव्या लागतात.

चर्चचा खरा विश्वास बसला तो एका बर्फाच्या दिवशी. शाळेला सुट्टी द्यायचं ठरलं, तसा निरोप व्हॉट्सॲपवर गेला. पण एक वडील निरोप कधीच वाचत नाहीत. पोराला दारात सोडून निघून जातील, या भीतीने ताई आणि यजमान बर्फातून गाडी हाकत चर्चला पोहोचले. वडील आले नव्हते. नेमका त्याच दिवशी त्यांनी निरोप वाचला होता. आलोच आहोत तर, म्हणून यजमानांनी फावडं काढून पायऱ्या साफ केल्या, वर मीठ टाकलं. पलीकडच्या घरातून एक समिती-आजी पडदा बाजूला करून बघत होती. रात्रीपर्यंत तिन्ही आज्यांना बातमी लागली की भारतीय लोक शाळा नसतानाही चर्चच्या पायऱ्या झाडून जातात. ताईंनी खरं कारण सांगायचा प्रयत्न केला. आज्यांनी तो विनय समजला.

पुढच्याच आठवड्यात किल्ली मिळाली. किल्लीबरोबर बाकीचंही मिळतं, हे ताईंना नंतर कळलं. धोक्याची घंटा वाजली तर अलार्म कंपनीने कुणाला फोन करायचा, त्या यादीत त्यांचं नाव सर्वांत वर गेलं, कारण आज्या रात्री फोन उचलत नाहीत. पहाटे तीनला बॉयलर फुटला तेव्हा ताई नाइट गाऊनवर पार्का घालून पोहोचल्या आणि सांगलीच्या पुरात शिकलेल्या सफाईने जमिनीवरचं सगळं टेबलांवर चढवून ठेवलं. चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीचा गल्ला आता त्यांच्याकडे असतो. दिवसाचा हिशेब पेनीपर्यंत जुळतो. खजिनदार निवृत्त व्हायच्या गोष्टी करू लागले आहेत.

हल्ली चर्चच्या स्वतःच्या रविवारच्या वर्गाला तीनच मुलं येतात. एका आजीने ताईंना बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडे इतकी मुलं येतात कशी? ताई म्हणाल्या, ‘येत नाहीत. आणावी लागतात,’ आणि पद्धत दाखवायला म्हणून तिन्ही आज्यांना शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घेतलं. ‘उद्या दोन वाजता शाळा. डब्यात दाणे नकोत. गृहपाठ आणावा. आल्यावर खुर्च्या मांडायला मदत करावी,’ असा निरोप दर शनिवारी रात्री देवनागरीत जातो. पाच मिनिटांच्या आत तिन्ही आज्यांचे अंगठे येतात. पालकांपैकी सतरा जणांनी गेल्या शनिवारचा अजून वाचलेला नाही.